फुलाच्या मागची बाजूही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की सातपुड्यातून आणि अजिंठ्याच्या रांगेतून अनोळखी फुलांची छायाचित्रे येऊ लागतात. ‘चुनखडीच्या टेकडीवर दुर्मीळ फूल’ असे मथळे त्यांना मिळतात. यातले चुनखडी आणि दुर्मीळ हे दोन्ही शब्द तपासूनच छापावेत, ही विनंती.

खानदेशचे डोंगर काळ्या बेसाल्टचे आहेत. शेतकरी ज्याला चुनखडी म्हणतो ते मातीत साचलेले चुन्याचे खडे; चुनखडकाचे मोठे थर वणी-चंद्रपूरकडे आहेत. टेकडीवरचा पांढरा दगड बहुधा बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले खनिज असतो: गार (क्वार्ट्झ), झिओलाइट नाहीतर कॅल्साइट. दगडाचा चुरा करून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. पण कॅल्साइटलाही ते येतात, म्हणून सुटा पांढरा गोटा तपासून भागत नाही, टेकडीचा मूळ खडक तपासावा लागतो. खडक चुकीचा धरला की फूल भलत्याच वनस्पतींच्या यादीत शोधले जाते.

फुलाची खरी चूक मात्र छायाचित्रातच होते. समोरून काढलेल्या एकाच फोटोवरून मोबाइलचे अ‍ॅप रंग आणि पाकळ्या जुळवते. कूळ ठरवणाऱ्या खुणा आत आणि मागे राहतात. ‘शंखपुष्पी’चेच पाहा. बरड जमिनीवर पसरणाऱ्या, सेंटिमीटरहून लहान निळ्या फुलांच्या विष्णुक्रांतेला लोक हे नाव देतात, पांढरट-गुलाबी फुलांच्या दुसऱ्या एका वेलीलाही देतात, आणि गोकर्णालाही! गोकर्णाचे फूल वाटाण्याच्या घडणीचे, ते लगेच वेगळे कळते. उरलेल्या दोन्हींसाठी दहापट भिंग लागते. विष्णुक्रांतेत कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचे देठ) दोन आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेला, म्हणजे टोके चार. दुसरीत कुक्षीवृंत एक आणि टोके दोन.

म्हणून फोटो असे हवेत: पूर्ण झाड, पेरावरची पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची खालची बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून निदलपुंजासह (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांसह), एक फूल उभे चिरून, म्हणजे अंडाशय (ज्याचे पुढे फळ होते तो भाग) पाकळ्यांच्या वर की खाली ते दिसेल. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. पान मोडल्यावर चीक येतो का, वास कसा आहे, हे तिथेच लिहा. चव घेऊ नका. कळलावीसारखी झाडे सर्वांगाने विषारी असतात. दोन-तीन आठवड्यांनी फळासाठी पुन्हा जा. शेंगवर्गीय आणि कोथिंबिरीच्या कुळातल्या कितीतरी जाती फळाशिवाय ठरतच नाहीत.

नमुना दाबायचा तर आसपास वीसेक झाडे असतील तरच एक घ्या. यावलसारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय पानही तोडू नये. पावसाळ्यात पहिला आठवडा वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. वाळल्यावर २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या कागदावर लावा. रंग उडतो, म्हणून तो ताजेपणीच लिहून ठेवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम केंद्र आहे. अडलेले नमुने तिथल्या संग्रहाशी ताडून पाहता येतात.

आपण छापताना ‘ओळख बाकी’ असे लिहावे आणि फक्त तालुका द्यावा. नेमकी जागा कळली की कंदवर्गीय झाडे आणि भुईआमरी (जमिनीवर उगवणारी ऑर्किड) उपटून नेल्या जातात.

— एक वनस्पती अभ्यासक, जळगाव