मागल्या दाराने बाहेर, पुढल्या दाराने आत

सांगली,
दि. १४ जुलै २०२५

चि. चिऊ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

आईचे वर्षश्राद्ध आटोपून तू गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. निघताना पायरीवर तू जे बोललीस, त्याचा विषय फोनवर तूही काढला नाहीस आणि मीही काढला नाही. "आईने शेवटी तुम्हाला ओळखलंसुद्धा नाही नाना, आणि तुम्ही आठ वर्षं..." एवढे म्हणून तू थांबलीस आणि मग सांगितलेस, की आईचा आजार तुझ्यात उतरला आहे का हे पाहण्यासाठी तू जनुकांची तपासणी करून घेणार आहेस. रिक्षा दारात उभी असताना मी काही न बोलता आत निघून गेलो, ते चुकले. त्याची क्षमा मागतो. तपासणीविषयी या पत्रात काही लिहायचे नाही असे ठरवले आहे. तुझ्या पहिल्या वाक्याला मात्र उत्तर द्यायला हवे.

शेवटची अडीच-तीन वर्षे तिने मला ओळखले नाही, हे खरे आहे. डॉक्टर म्हणाले होते की अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो, त्यामुळे जवळचे आधी पुसले जाते आणि जुने बराच काळ टिकते. सकाळचा चहा तिला आठवत नसे, पण १९७५ साली लग्न होऊन ज्या घरात आली त्या घराची संध्याकाळ तिच्या मनात जशीच्या तशी होती. दिवे लागण्याच्या सुमारास तिची घालमेल सुरू होई, पदर पिळत ती दारापर्यंत जाई आणि मलाच विचारी, "आमचे हे अजून कसे आले नाहीत?" तिचे 'हे' म्हणजे सहा वाजता कचेरीतून सायकलवर येणारा काळ्या केसांचा माणूस होता, शेजारी बसलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा तो असेल, हे तिला कसे पटावे? सुरुवातीला मी लग्नाचा फोटो दाखवून हुज्जत घालत असे, आणि तिला रडू येई.

मग एकदा मला सुचले. मी मागल्या दाराने बाहेर पडलो, बोळातून वळसा घेतला, जुन्या सायकलची घंटी वाजवली आणि पिशवी घेऊन पुढल्या दाराने आत आलो. "आज उशीर झाला," म्हणालो. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "हातपाय धुवा, पान वाढते." त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रोज सहा वाजता घरी आलो. चिऊ, इतक्या वर्षांच्या संसारात ती माझी अशी वाट पाहत असे, हे मला ठाऊक नव्हते. मी यायचो, वर्तमानपत्र उघडायचो आणि चहा मागायचो.

पुढे तेही चालेनासे झाले. एका संध्याकाळी मी तिला वरणभात भरवत होतो, तेव्हा हळूच म्हणाली, "तुम्ही फार करता हो माझं. हे आले की सांगते त्यांना, तुमचे पैसे ठेवायचे नाहीत." त्यात तिचा माझ्यावरचा विश्वास होता आणि मी समोर बसलो असताना तिने माझ्याच नावाने दिलेला शब्दही होता. याहून अधिक ओळख मी कोणती मागावी?

तिचे हात रिकामे राहू नयेत म्हणून मी रोज मेथीची जुडी आणत असे. शेवटी शेवटी ती पाने टाकून देई आणि काड्या परातीत जपून ठेवी. मी त्याच धुऊन आमटीत घालत असे. सगळे दिवस असे गेले नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आक्काच्या माडीवर तिने चार रात्री "घरी चला" म्हणून डोळा मिटला नाही. तिसऱ्या रात्री मी तिचा दंड इतका घट्ट धरला की सकाळी वळ दिसत होता. तुला मी ती पडली असे सांगितले होते. ते खोटे होते.

लिहायचे नाही म्हणता म्हणता तपासणीकडे वळतोच आहे. एकाच जनुकातून सरळ उतरणारा प्रकार दुर्मीळ असतो आणि तो बहुधा पासष्टीच्या आत सुरू होतो. आईला सुरुवात झाली तेव्हा ती ६७ वर्षांची होती. एपीओई-४ हा जनुकाचा प्रकार अंगात असला तर धोका वाढतो, पण तो असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसूनही होतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये आपल्याला बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आणि त्यांवर वेळीच उपाय झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असे म्हटले. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणे आहे. तुझा रक्तदाब धाकट्याच्या वेळेपासून वर आहे आणि तू दोन वाजेपर्यंत जागतेस, गोळी विसरतेस, चालायला... राहू दे. पुन्हा मास्तरकी झाली, रागावू नकोस. एकटीने नोकरी आणि दोन मुले सांभाळून दर पंधरवड्याला आईची नखे काढायला येणाऱ्या मुलीला मी काय शिकवावे?

खरी भीती अहवालाची नाही. तू इथे होतीस तेव्हा एका रात्री स्वयंपाकघरात मावशीला म्हणालीस, "मला झालं तर सरळ संस्थेत ठेवा, नानांसारखं कोणी अडकायला नको." ते मी ऐकले आणि तेव्हापासून मला झोप लागत नाही. वेळ आलीच तर संस्थेत जरूर राहा, त्यात कमीपणा नाही. मलाही दोनदा तसे वाटले होते. पण मी अडकलो होतो असे मात्र म्हणू नकोस.

तपासणीचा निर्णय तुझा आहे. अहवाल आणायला जाशील तेव्हा दोन दिवस आधी कळव, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसने मी येईन आणि बाहेर बाकावर तुझ्याबरोबर बसेन.

मुलांना आशीर्वाद.

तुझे,
नाना

ता. क. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतेस ना? तेवढे कळव.