मित्रास पत्र : एनएमआरला सॅम्पल पाठवण्याआधी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय शिवाजी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. खानापूर-जांबोटीकडच्या कोकमाच्या सालीतून गार्सिनॉल हा पिवळा घटक काढून तुझ्या एमएस्सीच्या मुलांनी तो शुद्ध करणाऱ्या कॉलमपर्यंत मजल मारली, हे वाचून फार बरं वाटलं. सॅम्पल धारवाडला द्यायचं की बेंगळुरूला, ते मागाहून ठरव. एनएमआरचं, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना वाचणारं, मशीन ४०० मेगाहर्ट्झचं असो की ६००चं, ट्यूबमध्ये जे आहे तेच ते दाखवणार. स्पेक्ट्रम, म्हणजे त्यातून निघणारा पीक्सचा आलेख, चांगला येणार की नाही, हे बरंचसं तुमच्या टेबलावरच ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट वाळवण्याची. टीएलसीवर (पातळ थराच्या चाचणी-प्लेटवर) एकच ठिपका दिसला की मुलं सॅम्पल शुद्ध समजतात. पण त्या प्लेटवर राहिलेला सॉल्व्हंट दिसतच नाही. हिशेब करून बघ. गार्सिनॉलचा रेणुभार सुमारे ६०३, इथाइल अ‍ॅसिटेटचा ८८. १० मिलिग्राम गार्सिनॉलमध्ये १ मिलिग्राम इथाइल अ‍ॅसिटेट राहिलं, तर रेणूंच्या संख्येत ते तीन गार्सिनॉलमागे दोन इतकं होतं. मग स्पेक्ट्रमच्या पीपीएम पट्टीवर ४.१२, २.०५ आणि १.२६ला त्याचीच पीक्स डोकं वर काढतात. हेक्झेन ०.८८ आणि १.२६ला, म्हणजे नेमकं मिथाइलच्या गर्दीत घुसतं. रोटाव्हेपवरून (सॉल्व्हंट उडवण्याच्या यंत्रावरून) उतरवलेलं सॅम्पल थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दोन-तीनदा परत उडवायचं आणि मग रात्रभर हाय व्हॅक्यूमवर ठेवायचं. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तरी तो ७.२६लाच येतो, जिथे ड्युटेरेटेड (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेल्या) क्लोरोफॉर्मचं पीक तसंही असतंच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतल्या पाण्याची काळजी जास्त घ्यावी लागते. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये पाण्याचं पीक १.५६च्या आसपास येतं, आणि गार्सिनॉलच्या प्रेनिल साखळ्यांचे मिथाइल त्याच्याच शेजारी असतात. डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये पाणी ३.३३ला येतं, आणि डीएमएसओ तर हवेतलं पाणी ओढूनच घेतं. फ्रिजमधली बाटली काढल्याकाढल्या उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आतच दव धरतं. पावसात मोठ्या बाटलीपेक्षा ०.७५ मिलीचे अँप्यूल बरे पडतात, एक अँप्यूल एका सॅम्पलला. आणि हो, डीएमएसओ १८.५ अंशांला गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा खडा दिसला तर घाबरू नका, कोमट पाण्यात ठेवा.

सॉल्व्हंट निवडताना आधी साध्या क्लोरोफॉर्ममध्ये चिमूटभर विरघळवून बघा. ड्युटेरेटेड सॉल्व्हंट चाचणीत घालवण्याइतका स्वस्त नाही. विरघळलं तर क्लोरोफॉर्मच घ्या, कारण तो उडवून सॅम्पल परत मिळतं. डीएमएसओ १८९ अंशांला उकळतं, त्यातून परत मिळवणं जिकिरीचं. मात्र जुन्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश तयार होतो. बाटलीत थोडं कोरडं पोटॅशियम कार्बोनेट टाकून ठेवा, किंवा वापरताना बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळून घ्या. आम्लाला दाद देणारे रेणू ट्यूबमध्येच बदलतात, आणि मग मुलं भलतीच रचना मांडून बसतात.

मात्रा अशी. प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या) स्पेक्ट्रमसाठी ५ ते १० मिलिग्राम पुरे, कार्बनच्या स्पेक्ट्रमसाठी ३० मिलिग्रामच्या आसपास द्या. कार्बन-१३ निसर्गात फक्त १.१ टक्के, त्यात गार्सिनॉलमध्ये कार्बोनिल आणि हायड्रोजन नसलेले कार्बन बरेच, ते सावकाश पूर्वस्थितीला येतात, त्यामुळे त्यांची पीक्स बुटकी राहतात. सॅम्पलबरोबरच्या फॉर्ममध्ये रिलॅक्सेशन डिले (दोन स्कॅनमधला थांबा) वाढवायला सांगा. सॅम्पल भरमसाट घालूनही भागत नाही, द्रावण दाट झालं की रेषा जाड होतात. एनॉलचा प्रोटॉन १५ पीपीएमच्या पुढेही जाऊ शकतो, म्हणून खिडकी (मोजायचा पीपीएमचा पल्ला) रुंद ठेवा असंही लिहा. गार्सिनॉलची रूपं आपापसांत बदलत असल्यामुळे काही रेषा पसरलेल्या दिसल्या, तर लगेच अशुद्धीचा निष्कर्ष काढू नका.

आता ट्यूब. ५ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये ०.६ मिली भरलं की उंची सुमारे सव्वाचार सेंटिमीटर होते. त्याहून बरंच कमी भरलं तर शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) बिघडतं, पिकांच्या बुडाशी फुगवटा येतो. जास्त भरलं तर फक्त द्रावण वाया जातं आणि सॅम्पल पातळ होतं. द्रावण ट्यूबमध्ये घालण्याआधी पाश्चर पिपेटमध्ये छोटा कापसाचा बोळा घालून, तो क्लोरोफॉर्मने धुऊन, त्यातून गाळा. न धुतलेल्या कापसातून मेण येतं. तरंगणारा कण, कॉलममधून निसटलेली सिलिका, स्पॅच्युलाचा गंज, काहीही आत नको. लोह आणि क्रोमियम तर रेषाच पसरवून टाकतात. म्हणून ट्यूबा क्रोमिक अ‍ॅसिडने धुऊ नका, अ‍ॅसिटोन पुरतो. धुतल्यावर आडव्या ठेवून व्हॅक्यूमखाली वाळवा. कडक ओव्हनमध्ये उभ्या ठेवल्या तर वाकतात, आणि वाकडी ट्यूब फिरताना डगमगते, प्रोबमध्ये फुटूही शकते. काठ उडालेली ट्यूब तर फेकूनच द्या. काचेवर कागदी लेबल किंवा टेप चिकटवू नका, नाव झाकणावर लिहा.

एका गोष्टीवर मी फार जोर देतो: प्लास्टिक. वनस्पतींच्या अर्कात ७.७० आणि ७.५२ला सुगंधी पीक्स, ४.२ला एक गठ्ठा आणि ०.९ला मिथाइल दिसले, तर ते बहुतेक वेळा प्लास्टिकच्या सिरिंज, नळ्या नाहीतर झाकणातून आलेलं फ्थॅलेट असतं. त्यालाच कोकमातला नवा घटक समजून मुलं खूश होतील. सॉल्व्हंट काचेच्याच भांड्यात ठेवा.

बेंगळुरूला कुरिअरने पाठवणार असशील तर द्रावण पाठवू नकोस, कोरडा पिवळा पदार्थच पाठव. २ मिलीची काचेची व्हायल, टेफ्लॉन लावलेलं झाकण, वरून पॅराफिल्म आणि उजेड लागू नये म्हणून फॉइल. रिकाम्या व्हायलचं आणि सॅम्पलचं वजन दोन्ही लिहून ठेव. फॉर्मवर सॅम्पलचा छोटा कोड, अपेक्षित रचना, विरघळण्याची माहिती, सॉल्व्हंट, कोणते प्रयोग हवेत, विषारी आहे का, आणि सॅम्पल परत हवं का, हे सगळं भर. ऑपरेटरला रचना कळली की तो खिडकी आणि स्कॅन नीट ठरवतो. ‘अननोन’ लिहिलं की ठरावीक साच्यातलाच रन मिळतो.

रिपोर्टबरोबर नुसती पीडीएफ घेऊ नका, एफआयडीचा (मशीनच्या मूळ कच्च्या सिग्नलचा) पूर्ण फोल्डर मागून घ्या. फेज, बेसलाइन आणि इंटिग्रेशन मुलांनी स्वतः करायचं तर तो लागतोच, आणि प्रयोगशाळा मागितल्यावर देतात.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता