आपलं बहात्तर साल

म्हसवड,
अक्षय्य तृतीया

प्रिय सुनंदा,

तू पाठवलेली ती यादी मिळाली. '1972 साली जन्मलात? मग हे आठवतंय का?' खाली सोन्याचा भाव तोळ्याला दोनशे रुपये, काळा टेलिफोन, रेडिओ, काचेच्या बरणीतल्या गोळ्या. आणि त्याखाली तुझा हुकूम, की हॉस्टेलच्या मैत्रिणी जमतील तेव्हा मी आपल्या जन्मवर्षावर बोलायचं. फोनवर एवढं टाइप करायला माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून सरळ कागद घेतला.

'आठवतंय का' म्हणे! काय आठवणार आपल्याला? तू गिरगावात पाळण्यात, मी इकडे माणदेशात झोळीत. आपण आपल्या म्हणून सांगतो त्या आठवणी मोठ्यांकडून उसन्या घेतलेल्या. म्हणून ती यादी घेऊन मी आईसमोरच बसले. सोन्याचा भाव वाचून दाखवला तशी म्हणाली, "आन् आमाला हजेरी किती मिळायची, ते लिवलंय का त्यात?"

ते कुणी कशाला लिहील? दुष्काळी कामावर दिवसाला तीन रुपयांच्या आसपास पडायचे, तेही मोजमापात काम भरलं तर. म्हणजे तुझ्या त्या स्वस्त तोळ्यासाठी आईला दोन महिन्यांहून जास्त खडी फोडावी लागली असती, आणि तेवढे दिवस कुणी काही खायचं नाही. स्वस्ताई सांगणाऱ्या माणसाने शेजारी मजुरीचा रकाना ठेवावा एवढंच माझं म्हणणं आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार!

माझा जन्म नक्की कधीचा हे विचारलं तर आई अजून तारीख सांगत नाही. "तळ्याचं काम निघालं, त्याच्या आधी दोन म्हयनं" असं सांगते. शाळेच्या दाखल्यावर अर्थातच 1 जून. आमच्या वर्गात निम्मी पोरं 1 जूनचीच होती, गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. तुझा वाढदिवस हॉस्टेलवर खऱ्या तारखेला व्हायचा याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटायचं, ते तुला कधी बोलले नाही.

तर ते तळं. पाझर तलाव. अजून आहे, गावात त्याला 'बहात्तरचा तलाव'च म्हणतात. ओळीने पावसाने दगा दिलेला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. आई त्यातली एक, मांडीवरची मी धरून. पुरुष चौकडी, म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, खणायचे, बायका पाट्या वाहायच्या. चौकडीत मधे मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवायचा, म्हणजे किती खोल खणलं ते कारकुनाला मोजता येतं. खडी फोडणाऱ्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून बसायच्या. बाभळीला लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या, आणि सगळ्या झोळ्यांवर नजर ठेवायला एक म्हातारी. तिला काम झेपायचं नाही, पण तिचंही नाव मस्टरवर होतं. पाटलाची सूनसुद्धा पदर पुढे ओढून मस्टरला उभी राहिलेली आईने पाहिलीय. हे सांगताना तिच्या आवाजात किंचित समाधान असतं, ते मी तिच्या तोंडावर बोलत नाही.

आणि मिलो! रेशनवर मिळालेली अमेरिकेची तांबडी ज्वारी. आईने मला हातवारे करून दाखवलं: कितीही कढत पाण्यात मळा, पिठाला चिकटाई म्हणून नाही. भाकरी थापायला घेतली की कडेने चिरा. तव्यावर टाकताना अर्धी हातात राहायची. गरम असेपर्यंत घशाखाली उतरायची, गार झाली की खापरी. "तिकडं जनावरास्नी घालत्यात म्हनं," आई म्हणते, "आन् आमी रांगंत भांडून आणायचो." सुकडीचं नाव काढलं की मात्र खुलते. लहान मुलांना वाटायची ती गोडसर कोरडी भुकटी. घरातली मोठी माणसंही चिमूट-चिमूट तोंडात टाकायची. चव अजून जिभेवर आहे म्हणते. सगळ्या बहात्तर सालात तिला परत हवीशी वाटलेली वस्तू ही एवढीच.

2012-13 ला इथे चारा छावणी पडली होती ना, तू भेटायला आलेलीस? तेव्हा तुलना करताना ती म्हणाली होती, की बहात्तरला प्यायला पाणी तरी होतं, दाणा नव्हता. आता दाणा आहे, पाणी टँकरनं. इथल्या सगळ्याच म्हाताऱ्या माणसांचं हे मत आहे, आणि बोअर किती खोल गेल्या ते पाहिलं तर खोटं कसं म्हणू?

आता तुझ्याकडची बाजू. काकू सांगायच्या ते मला पाठ आहे: पहाटे आरे दूध केंद्रावर बाटल्यांची रांग, रॉकेल आणि साखरेसाठी कार्ड, आणि तुला कडेवर घेऊन महागाईविरुद्धच्या लाटण्याच्या मोर्चाला जाणं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे, मागे चाळीचाळीतल्या बायका थाळ्या बडवत. आपल्या गप्पांत मुंबईचं बहात्तर म्हटलं की तुम्ही लगेच दूरदर्शनवर येता. 2 ऑक्टोबरला वरळीहून मुंबई केंद्र सुरू झालं, कबूल. पण टीव्ही चाळीत एखाद्याच घरी, आणि आमच्याकडे तर ते कित्येक वर्षं नुसतं ऐकण्यातलं. तुझ्या बाबांना विचार, ते क्रिकेटमध्ये अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडला 2-1 हरवलं त्याचीच गोष्ट सांगतील, आणि ती त्यांनी रेडिओवर ऐकलेली असेल. चाळीतली लाटणी आणि आमच्या पाट्या एकाच महागाईच्या, हे मला हॉस्टेलवर कधी सुचलं नाही. तेव्हा तू मला 'दुष्काळी' म्हणायचीस आणि मी तुला 'नळाच्या पाण्यावर वाढलेली'.

बोलायचंच झालं, तर मी दोनच गोष्टींवर बोलेन. एक, रोजगार हमी. तासगावकडचे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, यांनी 1965 मध्ये विसापूरला छोटा प्रयोग करून पाहिला होता. बहात्तरच्या दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली, पुढे कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम, हे आधी महाराष्ट्राने केलं, देशाचा कायदा 2005 चा. दुष्काळातून माणसं नुसती वाचलीच असं नाही, एक हक्क घेऊन बाहेर पडली. आई हक्क वगैरे म्हणत नाही, "मागितलं तर काम द्यायलाच लागायचं" एवढंच म्हणते.

दुसरी गोष्ट ऐकून हसशील: पिन कोड. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, म्हणजे आपल्याच वर्गातला. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, मोठे संस्कृत पंडित, त्यांच्या डोक्यातून निघालेला. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, यात पत्रं भरकटायची, म्हणून सहा आकडे. आपला पहिला आकडा 4, पुढे तुझे 00 आणि माझे 15. हे पाकीट तुझ्यापर्यंत पोचलं, तर त्यात आपल्या वर्षाचाही हात आहे असं मैत्रिणींना सांग.

बाकी काळा टेलिफोन आणि गोळ्यांच्या बरण्या दुसऱ्या कुणाला तरी दे. तुमच्या चाळीत तरी फोन कितीजणांकडे होता गं?

मी शनिवारी सकाळच्या एसटीने निघते, मुक्कामाला तुझ्याकडेच. सुकडी करून आणू का? आईने कृती सांगितलीय: गव्हाचं पीठ भाजायचं, गूळ किसून घालायचा, तेलाचा हात. ती सरकारी चव येणार नाही असं तिने आधीच बजावलंय. काकूंना त्या मोर्चाचं नीट विचारून ठेव, कुठून कुठे गेला, तू किती रडलीस. त्यांना आणि बाबांना नमस्कार.

तुझी,
दुष्काळी