पुन्हा तेच मैदान

प्रिय बंड्या,

आंतरशालेय खो-खोचं पत्रक आलं. मुंबई उपनगरचे सतरा वर्षांखालील सामने यंदाही बोरिवली पूर्वेला, त्याच शाळेत! इथे कुणाशी बोलावं तर "एवढं काय त्यात" म्हणतात. म्हणून तुला लिहितोय. घरी सगळे बरे, आईची साखर आटोक्यात.

कारण नेहमीचंच दिलंय, 'मध्यवर्ती ठिकाण'. नकाशात मुलुंड आणि बोरिवली एकमेकांना लागून दिसतात, पण मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान पसरलंय. मुलुंडच्या पोरांनी लोकलने घाटकोपर गाठायचं, मेट्रो 1 ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक, तिथून गुंदवलीला जाऊन मेट्रो 7, मागाठाण्याला उतरून रिक्षा. मानखुर्दवाल्यांना त्याआधी कुर्ल्याला गाडी बदलायची. हजेरी सकाळी 8 ला, म्हणजे मानखुर्दची मुलगी साडेपाचला घर सोडणार आणि बोरिवलीची तेव्हा गाढ झोपेत असणार. नऊ मिनिटांच्या डावात पळती करताना त्या झोपेची किंमत काय असते, हे तुला मी काय सांगू? त्यात रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असला की परतीचे वेगळेच हाल.

म्हणून माझं म्हणणं, अंतर किलोमीटरात मोजूच नये. प्रत्येक शाळेच्या फाटकापासून मैदानाच्या फाटकापर्यंत सकाळी किती वेळ लागतो, गाड्या किती बदलाव्या लागतात, ते लिहून काढायचं. त्याची सरासरीही काढायची नाही. ज्या भागात शाळा जास्त, तिकडेच सरासरी झुकते आणि लांबचे दोन-तीन संघ तिच्यात गडप होतात. सगळ्यात लांबच्या संघाला किती वेळ लागतो तेवढंच बघायचं; तो वेळ ज्या मैदानाला कमीत कमी, ते मैदान आधी विचारात घ्यायचं. आणि एक वर्ष पूर्व उपनगर, एक वर्ष पश्चिम.

तू लगेच म्हणशील, "मैदान चांगलं तिथेच सामने." यावरून आपण दादरच्या त्या हॉटेलात इतके भांडलो होतो की वेटरने न मागता बिल आणून ठेवलं! तुझ्या म्हणण्यातही तथ्य आहे. शालेय सामने ऐन पावसाळ्यात येतात, उघड्या मैदानाचा चिखल होतो, आणि डोक्यावर छप्पर असलेल्या शाळा मोजक्याच. यजमानपद फिरून फिरून त्यांच्याकडे जातं ते यामुळे. पण मग छपराखाली माती आहे की मॅट, हे पत्रकात नको का लिहायला? वर्षभर मातीत अनवाणी पळणारा मुलगा मॅटवर आदल्या दिवशी घेतलेले नवे बूट घालून उतरला, तर हुलकावणी देताना त्याचा पाय धरत नाही आणि टाचेला फोड येतात ते वेगळेच.

मातीचं मैदान असलं तरी यजमानाला फायदा असतोच. खांब जमिनीपासून 1.20 मीटर हवा, तेवढा पंच मोजतात. पण तो बुडाशी, जमिनीत किती घट्ट बसलाय ते कोण बघतं? खांबाला धरून सूर मारताना तो बोटभर जरी हलला, तरी हात निसटतो आणि गडी सुटतो. यजमानांच्या पोरांना कुठला खांब हलतो ते पाठ असतं, पाहुणे पहिल्या सामन्यात शिकतात. दोघांनी दोन्ही बाजूंनी रेटून बघायचं, हलला तर पाचर ठोकून माती धुम्मस करायची, एवढंच काम आहे. खांबाजवळची मातीही रोजच्या सरावाने उकरलेली असते. आदल्या संध्याकाळी पाणी मारून, सकाळी रोलर फिरवून मगच फक्की मारायला हवी. आणि आठवडाभर तिथे यजमानांचा सराव बंद, किंवा सगळ्या संघांना सारखा वेळ.

सामन्यांची सोडत मैदान जाहीर होण्याआधी निघाली पाहिजे, म्हणजे पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, कुणाला मिळाली यावर कुजबुज उरत नाही. यजमान शाळेचा शिक्षक पंच नको. एक सामना विश्रांती धरून तासाभराचा. दोन मैदानं आखली तर लांबच्यांना अकरानंतरचे सामने सहज देता येतात. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली नसेल, तर ते मैदान यादीतच नको. इथे हरलेला संघ विभागीय सामन्यांना जात नाही, राज्य तर लांबच. मानखुर्दच्या त्या पोरींचा खेळ तू पाहिला असतास तर असा शांत बसला नसतास.

तुझ्या सांगलीच्या घराचं छत टाकून झालं का? वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याचा निकाल कळव.

सोबत अर्जाचा मसुदा आहे. शुक्रवारी बैठक आहे, त्याआधी वाचून पाठव. भाषा वाटेल तेवढी मवाळ कर, पण प्रवासाच्या वेळेचा तक्ता आणि खांबाचं कलम यांना हात लावू नकोस.

तुझा,
अण्णा