मुलीच्या पिचिंग कोचिंगबाबत तक्रार आणि फी परतीची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘पर्सनल पिचिंग कोच’ या सहा महिन्यांच्या पॅकेजची उरलेली फी परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी 11 वर्षांची आहे. सेलूला (जि. परभणी) सहावीत शिकते आणि शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. बॅटिंग-फिल्डिंग तिला शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी चांगली शिकवली. पिचिंगबद्दल (फलंदाजाकडे हात खालून आणून चेंडू टाकणे) मात्र ते सरळ म्हणाले, “हे माझ्या हातचं नाही, जाणकार बघा.” आमच्याकडे निव्वळ पिचिंग शिकवणारा माणूस सापडत नाही, म्हणून तुमचे ॲप घेतले. तुमच्या जाहिरातीत कबूल केले होते की एकच कोच शेवटपर्यंत राहील, मोबाईलवर व्हिडिओ पाहून चुका सांगेल आणि दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला प्रत्यक्ष शिबिर होईल. 18,000 रुपये एकरकमी भरले.

पहिल्या सरांनी ‘हॅलो एल्बो’ शिकवले. हात डोक्यावरून मागे गेला की चेंडू सेकंड बेसकडे, म्हणजे पाठीमागे, वळवायचा, तसाच दाबत खाली आणायचा, सोडताना मनगट वर झटकायचे आणि शेवटी कोपर कॅचरकडे (फलंदाजामागे चेंडू झेलणारी खेळाडू) रोखायचे. पोरीने ते घोटून घोटून अंगात भिनवले. मग काही न कळवता तुम्ही कोच बदलला. नव्या मॅडमनी पहिलाच व्हिडिओ पाहून सांगितले, हे सगळे विसर. त्या ‘इंटर्नल रोटेशन’ शिकवतात : हात सैल, कोपर किंचित वाकलेले, खाली येताना तळवा थर्ड बेसच्या बाजूला (फलंदाजाकडे तोंड केल्यावर उजवीकडे), कोपराखालचा हात कमरेला घासून त्याच क्षणी आत वळतो आणि त्या वळणातून चेंडू सुटतो. आता तिचा हात अर्धा एका पद्धतीने येतो, अर्धा दुसऱ्या. चेंडू एकतर फलंदाजासमोरच्या प्लेटच्या आधीच मातीत, नाहीतर कॅचरच्या डोक्यावरून.

मॅडमबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्यांचेच बरोबर आहे असे माझे मत झाले आहे. टोकियो ऑलिंपिक खेळलेल्या युकिको उएनो, मोनिका ॲबट, कॅट ऑस्टरमन यांचे व्हिडिओ आम्ही बापलेकीने अगदी हळू करून पाहिले. चेंडू सुटताना त्यांचा कोपराखालचा हात कमरेजवळ आत वळतो. मनगट नुसते सरळ वर झटकून कोणी चेंडू सोडताना दिसले नाही.

हे विचारल्यावर तुमच्या सपोर्टचे उत्तर आले, “दोन्ही पद्धती योग्य आहेत, प्रत्येक कोचची स्टाइल वेगळी असते.” कोणी ड्रॉप बॉल (खाली पडणारा चेंडू) आधी शिकवेल, कोणी चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू), याला स्टाइल म्हणता येईल. हात कुठे वळतो हा पाया आहे. आणि दोन्ही योग्यच असतील, तर एक शिकवून झाल्यावर दुसरीसाठी ती विसरायला का लावली?

दुसरी बाब जास्त गंभीर आहे. पहिल्या सरांनी तिला रोज, सुट्टी न देता, पूर्ण 43 फुटांवरून टाकायला लावले. 43 फूट हे मोठ्या महिलांचे आंतरराष्ट्रीय अंतर आहे. अमेरिकेत 12 वर्षांखालच्या मुलींना 40 फूट ठेवतात, 10 वर्षांखालच्यांना 35 फूट आणि चेंडूही लहान, 11 इंचांचा. खांदा दुखतो म्हणून चॅटवर लिहिले, तर सरांनी कळवले की अंडरहँड फेक नैसर्गिक असते, तिने दुखापत होत नाही, उएनोने 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत 413 चेंडू टाकले होते. टाकले होते, खरे आहे. तेव्हा ती 26 वर्षांची होती आणि तो सुवर्णपदकाचा प्रश्न होता. माझ्या लेकराची शाळेची स्पर्धासुद्धा लांब होती. विंडमिल फेकीत, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकताना, खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या ओव्हरहँड फेकीच्या जवळपास जातो आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर मोठा भार पडतो, हे अभ्यासांत दिसून आलेले आहे. परभणीच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तिचे पिचिंग काही आठवडे बंद ठेवले. चिठ्ठी सोबत आहे.

या सरांच्या प्रोफाइलवर ‘राष्ट्रीय खेळाडू’ लिहिले होते. शिबिरात बोलता बोलता त्यांनीच सांगितले की ते लेफ्ट फिल्डला, म्हणजे मैदानात लांब डावीकडे क्षेत्ररक्षणाला, खेळायचे. लेफ्ट फिल्डरने पिचिंग शिकवू नये असे मी म्हणत नाही, पण हे पैसे घेण्याआधी कळायला हवे होते. माझे कृषी सेवा केंद्र आहे. पिशवीवर वाण आणि उगवणशक्ती छापलेली नसेल तर मला बियाणे विकता येत नाही. तुमच्या पानावर कोच कोणत्या जागी खेळला, कोणती पद्धत शिकवतो, त्याने आधी शिकवलेल्या मुली कशा टाकतात, यातले काहीच नाही. ‘कोच निवडा’ असे बटण आहे, पण निवडायचे कशावरून?

तिसरा कोच मोफत देण्याचा तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. शिल्लक महिन्यांची फी आणि कोच बदलल्यामुळे वाया गेलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत. मॅडमना तुमच्याकडून काढू नये, त्यांचा यात दोष नाही.

‘कोणत्याही परिस्थितीत फी परत नाही’ आणि ‘न्यायक्षेत्र पुणे’ या तुमच्या अटी मी वाचल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे जमा झाले नाहीत, तर सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दाखल करीन. उत्तर लेखी द्यावे. सपोर्टचे फोन मी यापुढे घेणार नाही.

आपला,
एक पालक
सेलू, जि. परभणी

सोबत : फीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅटच्या प्रती, डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही कोचच्या काळातले मुलीचे व्हिडिओ.