घरपट्टीचं मतदान: गार्लंडहून बाबांना पत्र

गार्लंड, टेक्सास
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही विचारलंत, "घरपट्टी कमी करायला मतदान कशाला हवं?" फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे पगारावर राज्याचा आयकर नाही. त्यामुळे शाळा, शहर, काउंटी, सरकारी दवाखाना हे सगळं बहुतांशी घरपट्टीवर चालतं. त्यात शाळेचा वाटा सगळ्यांत मोठा. आपण स्वतः राहत असलेल्या घराच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा करून उरलेल्यावरच शाळेचा कर लावतात. वजावटीचा हा आकडा राज्यघटनेतच लिहिलेला आहे. म्हणून विधिमंडळाने कायदा केला, राज्यपालांनी सही केली, तरी शेवटी मतदारांनी हो म्हणावं लागतं. २०१५ मध्ये २५ हजार डॉलर, २०२२ मध्ये ४० हजार, २०२३ मध्ये एक लाख असं हे वाढत आलं. ४ नोव्हेंबरला ते १ लाख ४० हजार करायचं की नाही हे ठरेल. मंजूर झालं तर यंदाच्याच बिलाला लागू.

शाळेचा दर शंभर डॉलरमागे साधारण एक डॉलर धरा, म्हणजे आमचे वर्षाला चारेकशे डॉलर वाचतील. बँक दरमहा हप्त्याबरोबरच घरपट्टीचे पैसे कापून ठेवते, त्यामुळे हप्ताही थोडा उतरेल. आम्ही दोघं कमावते, आमचं त्यावाचून अडत नाही.

खरी गरज शेजारच्या आजींना आहे. त्यांचं कर्ज कधीच फिटलंय, येणं फक्त पेन्शनचं. गेल्या वर्षीचं बिल त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून मला दाखवलं. प्रत्येक खात्याची वेगळी ओळ, आणि शाळेच्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली. ६५ नंतर शाळेचा कर वाढत नाही, पण आहे तेवढा भरावाच लागतो. आता ज्येष्ठांची आणि अपंगांची जादा वजावट १० हजारांवरून ६० हजार करायचाही प्रस्ताव आहे, म्हणजे त्यांना एकूण दोन लाख. आजींच्या जुन्या घराची करासाठीची किंमत दोन लाखांच्या आतच आहे. ती ओळ शून्य होईल, बाबा. स्वतःच्या घरात राहायला माणसाला दर जानेवारीत धाकधूक का व्हावी?

म्हणून मी दोन्ही प्रस्तावांना हो म्हणणार आहे. पण भाड्याने राहणाऱ्यांना यातून थेट काहीच मिळत नाही, हे मला खटकतं. घरमालकाची घरपट्टी भाड्यातून त्यांच्याच खिशातून जाते. माझ्या ऑफिसातली एक मुलगी दोन लेकरांना घेऊन भाड्याच्या घरात राहते, तिला मी काय सांगू? शिवाय शाळांची तूट राज्य भरून देणार, ती तिजोरीत शिल्लक आहे म्हणून. तेल आणि विक्रीकराचं उत्पन्न घसरलं तर? तेव्हा शाळांचे पैसे कापू नका, हे आमदारांना बजावत राहायला हवं. ईशानच्या शाळेतले शिक्षक जीव तोडून शिकवतात. त्यांच्या पगारातून माझे चारशे डॉलर निघालेले मला नकोत.

तुमच्याकडचं एक काम. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात मिळणारी ४० टक्के सवलत २०२३ मध्ये परत सुरू झाली, पण ती ज्यांना लागलेली नाही त्यांना पीटी-३ अर्ज भरावा लागतो. यंदाच्या बिलात ती वजा झालीय का, चष्मा लावून नीट बघा. नसेल तर बिलाचा फोटो पाठवा आणि दादाला बरोबर घेऊन महापालिकेच्या कार्यालयात जा, एकटे जिने चढू नका.

आईला सा. न.

तुमची,
मंजू