आधी बल्बला विचार

कराड,
रविवार, दुपार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू बुलेट घेतलीस हे मला ताईकडून कळलं. ती चालत नाही हेही तिच्याकडूनच कळलं. नवी बॅटरी झाली, ठिणगी देणारी नवी कॉइल झाली, बॅटरी भरणारा नवा रेक्टिफायर झाला, नऊ हजार गेले आणि गाडी परत खोलीच्या पडवीत. तुझी आई आयटीआय करून चोवीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन आहे, हे चिपळूणला गेल्यावर विसरलास का? बाकी शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' समोर तू नुसतं 'नोकरी' लिहायचास, ते मला ठाऊक आहे. असो. रागावले नाही. थोडीशी रागावले.

बुधवारी फोनवर तू जे जे सांगितलंस ते मी वहीत उतरवून घेतलं. बॅटरी चार्ज करून आणली की गाडी सुरू होते, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी संपते. हँडल डावीकडे वळवलं किंवा खड्ड्यात आदळली की गाडी अचानक बंद पडते. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो आणि इंडिकेटर आपोआप मिणमिणतो. कधी कधी चावी लावली तरी अँपिअर मीटरचा काटा जागचा हलत नाही. मिस्त्रीनं या सगळ्याला एकच रोग धरला आणि जो भाग महाग तो बदलला. मला यात निदान तीन वेगळे रोग दिसतात, आणि त्यातल्या एकालाही नवी कॉइल लागत नाही.

गाडी गुहागरकडे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर सहा वर्षं माडांखाली उभी होती ना? मग तिच्या वायरिंगला काय झालं असेल ते मी न बघता सांगते. खारा वारा कातड्याच्या आत शिरतो. एखाद्या सॉकेटजवळ वायर अर्धा इंच सोलून बघ. आत लालसर चकचकीत तांबं दिसलं तर देवाचे आभार मान. काळं दिसलं तर ती वायर आतून मेली, तिच्यावर सोल्डरसुद्धा धरत नाही. आणि हिरवी पूड दिसली तर त्या जोडातून करंट जातोय असं नुसतं वाटत असतं.

आता हे 'वाटणं' नीट समजून घे, कारण तुझे नऊ हजार इथेच गेलेत. समज वायरीत वीस तारा आहेत, एकोणीस तुटल्या, एक राहिली, तीही गंजून नावालाच टेकलेली. मिस्त्री डिजिटल मीटर लावतो, मीटर 12.5 व्होल्ट दाखवतो, मिस्त्री म्हणतो वायर ठणठणीत. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही, एका तारेवर त्याचं भागतं. त्याच जागी ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब लाव. त्याला पावणेदोन अँपिअर हवेत, तेवढे त्या एका तारेतून येत नाहीत. बल्ब नुसता तांबूस होतो किंवा पेटतच नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांच्या हातातून मी पहिले दोन महिने मीटर काढून घेते आणि होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब देते. पोरं हसतात. तूही हस.

कामाला बसण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढ. तुझ्या फोटोत काळी वायर चासिसला गेलेली दिसते, म्हणजे गाडी मायनस अर्थची आहे, करंट चासिसमधून बॅटरीच्या मायनसला परततो. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलटं केलंस तर प्लसचा नट सोडताना पान्हा चासिसला टेकतो आणि तिथेच दिवाळी होते. बोटातली अंगठी काढून खिशात ठेव. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग तुला माहीत आहे. लहानपणी तू विचारायचास तेव्हा मी तव्याचा चटका सांगायचे. तो तव्याचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी बसच्या बॅटरीवर वाकले होते, हातात धातूचं कडं होतं, ते एका बाजूनं प्लसला आणि दुसऱ्या बाजूनं बॉडीला लागलं. बसला 24 व्होल्ट असतात, त्याचा शॉक लागत नाही. पण कडं दोन सेकंदांत लाल झालं. त्या दिवसापासून बांगड्या लॉकरमध्ये. आजीला हे कळलं असतं तर तिनं नोकरी सोडायला लावली असती, म्हणून तवा.

फ्यूजचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आहे. म्हणजे आधीच्या मालकाचा फ्यूज वारंवार उडत होता, आणि का उडतोय हे शोधण्याऐवजी त्यानं त्याचं तोंड बंद केलं. ती चांदी आजच काढ. शॉर्ट झाला तर आता फ्यूज जळणार नाही, वायरिंग जळेल, आणि वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जातं. फ्यूजच्या जागी तोच 21 वॅटचा बल्ब जोड, चाचणीपुरती मायनस वायर परत लाव, चावी, दिवे, हॉर्न सगळं बंद ठेव. बल्ब भक्क पेटला तर शॉर्ट आहे. मग वायरिंग हातानं एकेका जागी हलवत जा, आणि जिथे हात लागल्यावर बल्ब विझेल तिथे टेप सोल. मी बहुतेक वेळा असा शॉर्ट टाकीच्या मागच्या बोल्टापाशी किंवा मागच्या मडगार्डच्या आत, टायर घासतो तिथे, धरलाय.

हँडल वळवल्यावर बंद पडते त्याचं उत्तर गाडीच्या मानेत आहे. हँडलच्या दांड्यापाशी सगळं वायरिंग वाकतं आणि हँडल जितक्या वेळा फिरतं तितक्या वेळा तिथल्या तारा वाकतात. आतून तुटतात, वरचं कातडं जसंच्या तसं. बल्बचं एक टोक इग्निशन स्विचच्या पुढच्या वायरीला, दुसरं चासिसला लाव, चावी चालू कर आणि हँडल सावकाश पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरव. बल्ब लुकलुकला की सापडलं. आणि स्विच पण सोडू नकोस. बल्ब स्विचच्या अलीकडे लखलखीत आणि पलीकडे मंद असेल तर स्विचच्या आत गंज आहे, तो नवाच टाक. मानेतली वायर मात्र पिळून टेप लावून जोडू नकोस. तिथे नवी वायर टाक आणि वळण्याइतकी सैल ठेव.

काटा हलत नाही ती तक्रार मला आवडली, कारण जुन्या बुलेटवर स्पीडोमीटरशेजारचं ते छोटं अँपिअर मीटर म्हणजे फुकटचा वैद्य आहे. चावी लाव. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून, म्हणजे इंजिनातला दाब सुटेल, किक हातानं हळूहळू खाली ढकल. कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारी दोन टोकं, मिटलेले असतात तेव्हा कॉइल करंट ओढते आणि काटा मायनसकडे सरकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. असा काटा नाचत असेल तर बॅटरीपासून कॉइलपर्यंतचा रस्ता चांगला आहे. काटा मायनसलाच चिकटला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. काटा हलतच नाही, जसं तू म्हणतोस, तर एकतर वर सांगितलेली मानेतली वायर, नाहीतर पॉइंटच्या तोंडावर सहा वर्षांचा राखी थर. पॉइंटची डबी उघड, बारीक पॉलिश पेपरचा एकच हलका हात मार, नंतर पेट्रोलात भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढ, कागद स्वच्छ येईपर्यंत. गॅप 0.35 ते 0.40 मिमी, फिलर गेजच्या पातळ पात्यानं मोज, डोळ्यानं नाही. आणि चावी चालू ठेवून चहाला जाऊ नकोस. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते. कदाचित जुनी कॉइल अशीच कुणीतरी चहाला पाठवली असेल.

मागच्या दिव्याचं सोपं आहे, पण रंगवलेल्या गाडीत कुणाच्या लक्षात येत नाही. तू मडगार्ड काळं रंगवून घेतलंस ना? दिव्याचा अर्थ त्या मडगार्डच्या बोल्टातून येतो आणि बोल्टाखाली आता रंग आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बातून शिरून परततो. बोल्टाखालचा रंग रुपयाएवढा खरवड, व्हॅसलीनचं बोट लाव, घट्ट कर. इंजिनाचा अर्थही तसाच बघ. तिथे मीटर कामाला येतो: हेडलाइट चालू ठेवून काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमला. 0.2 व्होल्टच्या आत हवं. एक व्होल्ट दिसला तर तेवढा उजेड तुझा अर्थ खातोय.

राहिली दोन दिवसांत मरणारी बॅटरी. तुझी बॅटरी 5 अँपिअर-तासाची आहे. चावी बंद असताना कुठून तरी नुसता 0.1 अँपिअर गळत असेल तर तिला पन्नास तास लागतात संपायला. म्हणजे तुझे दोन दिवस. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घे, बॅटरीची मायनस वायर काढून मधे मीटर जोड. चावी बंद हवी, आणि मीटर जोडलेला असताना चुकून हॉर्न दाबू नकोस. तुझ्या गाडीत घड्याळ नाही, अलार्म नाही, तेव्हा आकडा शून्य दिसायला हवा. दिसला नाही तर आधी तो नवा रेक्टिफायर काढून ठेव. आकडा शून्यावर आला तर नवा भाग नव्यानेच खराब आहे. असं होतं, हसू नकोस. नवी बॅटरीही ॲसिड भरून तशीच बसवली असेल तर ती कधीच पूर्ण भरलेली नाही. अर्ध्या अँपिअरवर रात्रभर चार्ज करून आण, दोन तास तशीच ठेव आणि मोज. 12.6 च्या आसपास हवी. मग गाडी सुरू करून थोडी रेस केल्यावर बॅटरीच्या टोकांवर 13.5 ते 14.5. पंधराच्या वर गेली तर गाडी लगेच बंद कर, नाहीतर बॅटरी उकळेल आणि बल्ब एकेक करून उडतील.

तू दिवाळीला रात्रीचं कुंभार्ली घाटानं येणार म्हणालास. वरच्या वळणांवर धुकं असतं, आणि हँडल वळवल्यावरच तुझा दिवा जातो. मान नीट होईपर्यंत घाट चढायचा नाही, एसटीनं यायचं. हे आई म्हणून सांगत नाही, इलेक्ट्रिशियन म्हणून सांगते. (बाबांनी वाचून म्हटलं, "दोन्ही एकच." त्यांना काय कळतं.)

एसटीच्या पार्सलनं एक डबा पाठवलाय. त्यात माझा टेस्ट लॅम्प आहे, होल्डरला पितळी क्लिपा लावलेला, त्याची एक वायर दोनदा बदललीय. सोबत फिलर गेज, पॉलिश पेपर आणि वायरीच्या टोकाला लावायची थोडी थिंबलं. टेस्ट लॅम्प परत पाठवायचा, तो माझा आहे. शनिवारी माझी सुट्टी आहे, सकाळच्या गाडीनं येते. तोपर्यंत टेपखालची कुठलीही वायर कापू नकोस, फक्त कुठे बल्ब मंद झाला ते वहीत लिहून ठेव.

डब्यात खाली शेंगदाण्याचे लाडूही आहेत. बॅटरीला हात लावलेला असेल तर आधी साबणानं दोनदा हात धू, मग डबा उघड.

तुझी,
आई